नजर उजवीकडे

"मिस, आता काय करू?" गोलकीपर टोबीने जाळीमागे संत्र्यांच्या फोडींचं ताट घेऊन उभ्या असलेल्या खराडेबाईंना विचारलं. शेवटच्या मिनिटाला शेजारच्या गावाला पेनल्टी मिळाली होती. गोल झाला, तर नव्वद वर्षांचा आपला क्लब खालच्या गटात घसरणार होता.

चेंडू ठेवत होता नाथन. शेजारच्यांकडून खेळत असला, तरी शिकला होता याच गावात. सकाळच्या गाडीने लंडन गाठणाऱ्या या गावात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नसे. पण शाळेच्या जेवणघरात सव्वीस वर्षं मुलांना जेवण वाढणाऱ्या बाईंना पोर न् पोर पाठ होतं.

"तो बघेल त्याच्या उलट बाजूला झेप घे," बाई बिनधास्त म्हणाल्या.

नाथनने उजवा कोपरा न्याहाळला. टोबी दुसरीकडे झेपावला आणि चेंडू थेट त्याच्या छातीवर आदळला. मैदान दणाणलं.

सामना संपताच नाथन तणतणत आला. "मिस, तुम्हीच सांगितलंत ना त्याला? तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी ताट पुढे केलं. उजवीकडच्या फोडीवर नजर ठेवून नाथनने पटकन डावीकडची उचलली.

"केकच्या रांगेत सात वर्षं हेच केलंस, बाळा."