शेवटचा एक मार्क

"रेझर-थिन. अर्थ सांगा," परीक्षक मॅडम म्हणाल्या.

सलूनवाल्याचा चेहरा खुलला. अर्धा तास इंग्रजीनं त्याची बिनपाण्यानं केली होती आणि आता त्याच्याच धंद्यातला शब्द चालून आला होता.

"वस्तऱ्याच्या पात्याइतकं पातळ!"

"बरोबर. पण मार्क अर्थाला नाही, वापराला आहे. वाक्य करा."

"माय रेझर इज रेझर-थिन."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, वस्तरा वस्तऱ्याइतका पातळ असणारच! हा शब्द निसटत्या फरकासाठी वापरतात. कुणी एका मतानं निवडून आलं, एका धावेनं जिंकलं, तेव्हा. करा पुन्हा. शेवटचा प्रश्न आहे, एका मार्काचा."

आता मात्र त्याला घाम फुटला. जहाजावरच्या सलूनमधली नोकरी ठरल्यात जमा होती. घोडं अडलं होतं ते इंग्रजी बोलता येतं या दाखल्यापाशी. पास व्हायला पन्नास मार्क लागत आणि याआधी दोनदा तो आपटला होता. बाहेर बाकावर बायको बसली होती. "या वेळी नापास झालात तर घरी येऊ नका, पोहत जा जहाजावर," असं तिनं हसत बजावलं होतं. पण सकाळपासून तिच्याही घशाखाली चहा उतरला नव्हता. बिचारीनं चार महिने रोज भाकऱ्या थापता थापता त्याच्याकडून शब्द पाठ करून घेतले होते.

मॅडमनी मार्कांचं पॅड उभं धरलं होतं. उमेदवाराला दिसू नये म्हणून. त्यांच्या पाठीमागे मात्र काचेचं कपाट होतं. गिऱ्हाईक खुर्चीत पेपर वाचायचं, तेव्हा त्या पेपरची बाहेरची बाजू आरशात उलटी वाचण्यात सलूनवाल्याची वीस वर्षं गेली होती. त्यानं हळूच नजर वर केली. काचेतली बेरीज त्याला स्वच्छ दिसली. एकोणपन्नास.

त्यानं शर्टाची कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि एकेक शब्द जपून उच्चारला.

"आय पास्ड धिस एक्झाम बाय अ रेझर-थिन मार्जिन."

मॅडमचं पेन थांबलं. "अहो, निकाल कुठे लागलाय अजून?"

"वाक्य बरोबर आहे ना, मॅडम?"

"वाक्य अगदी बरोबर आहे."

"मग लागला की!"