विसावा कागद

पाहणीचे प्रश्न जमले तर तात्याबा मास्तरांचा पगार पाच रुपयांनी वाढणार होता. अट एकच: वीस घरांचे वीस कागद, एकही उत्तर कोरं नको. शाळेच्या कमिटीला हवं होतं ते एवढंच, की सोलापुरातल्या कामकरी घरात मिळकत किती आणि आईबाप पोरांच्या शिक्षणात लक्ष किती घालतात.

अक्कलकोटजवळच्या जेऊरहून नुकते बदलून आलेले मास्तर पहिल्याच दिवशी फसले. 'अभ्यासाकडे लक्ष देता का?' या प्रश्नाला अख्खी गल्ली 'व्हय की' म्हणाली. केराबाईनं तर तोंडावर विचारलं, "न्हाय म्हनाया आमी काय खुळं हाय व्हय, मास्तर?"

मग मास्तरांनी प्रश्न मोडून बारीक केला. जवळ कोण बसतं? पोरानं काल काय वाचलं?

एकोणीस कागद भरले. विसाव्याला आला निंगप्पा. कापसाच्या गाठी उचलणारा, चौथीतल्या महानंदाचा बाप.

"आप्पास्नी मराठी येत न्हाय. मी सांगते की," महानंदा पुढं झाली.

"बरं. महिन्याला घरात किती येतं?"

तिनं कन्नडमध्ये विचारलं. निंगप्पा बोटं मोजत लांबलचक बोलला.

"अठरा रुपये."

"एवढं बोलले, आणि अठराच?"

"आप्पा लई घोळून बोलत्यात."

"अभ्यासाला जवळ कोण बसतं?"

निंगप्पानं नुसती मान हलवली.

"रोज आप्पाच. कंदील पन तेच धरत्यात."

"काल काय वाचलंस, ठाऊक आहे त्यांना?"

"कविता म्हनून दाखवली. रडले."

मास्तरांनी तेही लिहिलं. "आता शेवटचा. पोरीला पाचवीत घालणार?"

हा प्रश्न विचारायला महानंदानं जरा वेळ लावला. निंगप्पा उभा राहिला. खाली बघत बराच बोलला, पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, हात जोडले.

महानंदाचा आवाज बारीक झाला. "व्हय म्हनत्यात. मास्तरीन करनार म्हनत्यात."

"म्हणजे माझी खुर्ची गेली!" मास्तरांनी लिहिलं, शाई टिपली. "झाले वीस. जा, पाणी पिऊन ये."

ती बाहेर गेली. मास्तरांनी टाक ठेवला आणि अस्सल अक्कलकोटी कन्नडमध्ये म्हणाले, "निंगप्पा, कागदावर पोरीनं जे लिहवलंय, ते तुम्ही खरं करायचं. आणि शाळा सोडून हातमागवाल्याकडं सुताच्या कांड्या भरून ती महिन्याला जे चार रुपये आणणार म्हणालात, ते माझ्याकडून न्यायचे."