पाचवं गाव

अफगाणांचं सरहिंद पडलं आणि शीख मिसलींचे, म्हणजे लढाऊ जथ्यांचे, स्वार चहूकडे उधळले. ज्याच्या अंगावरची वस्तू गावात आधी पडेल, त्याचं ते गाव, असं ठरलं होतं. टहलसिंग सकाळपासून दौडत होता. एका गावात त्यानं कमरपट्टा टाकला, पुढच्यात म्यान, मग शेला, मग जोडे. पाचव्या गावाशी पोचला तेव्हा अंगावर गुडघ्यापर्यंतचा कछेरा आणि पगडी, हातात नंगी तलवार, एवढंच उरलं होतं.

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या म्हाताऱ्या रज्जीनं त्याला न्याहाळलं. "कुणी लुटलं रे पोरा तुला?"

"लुटतंय कोण माई! चार गावांचा धनी झालोय," तो हसला. "हे गावही घेतलं असतं, पण पगडी-तलवार काही टाकता येत नाही. आणि मागून दुसऱ्या मिसलीचे येतायत."

"घोडा आहे की."

"तो इथं ठेवला तर पुढं जाऊ कसा?"

"तेच म्हणतेय मी. धनी म्हणवून पुढं जाणारे पुष्कळ पाहिले. अफगाण आले तेव्हा त्यातला एकही इथं नव्हता. माझा लेक होता, तो गेला."

टहलसिंग पुढच्या वाटेकडे बघत राहिला. मग खाली उतरला आणि लगाम तिच्या हातात दिला.

मागून आलेले स्वार घोडा बघून पुढं निघून गेले. त्यांतले काही वीस-वीस गावांचे सरदार झाले. हिवाळ्यात अफगाण पुन्हा आले, तेव्हा त्या सगळ्या मुलखात धनी वेशीवर उभा असलेलं गाव हे एकच होतं.