तळाला गेलेली डबी

दोन महिन्यांत मास्तरांचे हातभर लांबीचे चार मासे दगावले. त्याच टाकीत तळाशी राहणारे छोटे मासे मात्र ठणठणीत होते. माशांच्या डॉक्टरीणबाईंनी पाणी तपासलं, मेलेल्यांचे कल्ले उघडून पाहिले; त्यांवर चिकट थर होता, पण कशाचा ते कळेना. "मोठ्यांना खायला कसं घालता, काका?" "हातावर. आमची ही घालायची, तसंच." उरलेला पाचवा मासा वर आला. मास्तरांनी हात बुडवताच पाण्यावर तवंग पसरला. बाईंनी त्यांचा तळवा हुंगला. बदामाचा वास होता. मास्तरांनी खिशातून हाताच्या क्रीमची डबी काढली, तळाला गेलेली. "ती गेल्यावर मासे माझ्याकडे फिरकेनात. म्हणून तिचं क्रीम लावायला लागलो. ती रात्री झोपताना लावायची, मी खायला घालण्याआधी चोपडतो." "हेच त्यांच्या कल्ल्यांत जाऊन बसलं." मास्तरांनी हात तीनदा धुऊन पुन्हा बुडवला. मासा लगेच आला. "बघा, क्रीम लागतच नाही त्याला," बाई म्हणाल्या. मास्तरांनी ओली बोटं नाकाशी नेली. "त्याला नाही."