राखणदार माशाचा कल्ला

फोनवरचे आवाज खोटे निघायला लागल्यापासून लोक आपल्या माणसांना व्हिडिओ गेममधल्या पाणमहालात भेटत. महालाच्या दाराशी एक चिडका मासा राखणीला असे. आलेलं माणूस आहे की यंत्र, हे तोच ठरवायचा.

"मोती देणार? गोड बोलणार?" तो चांगुणाबाईंवर खेकसला. "यंत्रं तेच करतात!"

चांगुणाबाईंचा जन्म मासळी विकण्यात गेलेला. त्यांनी सरळ अंगठ्याने त्याचा कल्ला उचलून आत पाहिलं. "लाल आहे. ताजा दिसतोस."

"सोड, बये! माणूसच आहेस. जा आत!"

आत त्यांची परदेशी गेलेली लेक, दर्शना, उभी होती. "आये!" म्हणत ती गळ्यात पडली. चांगुणाबाईंनी हसत हसत तिला माशाची फजिती सांगितली.

दर्शनाही हसली. "पण आये, कल्ला कशाला उघडून बघितलास?"

चांगुणाबाईंचं हसू विरलं. हीच पोर लहानपणी मासळीच्या पाटीशेजारी बसून गिऱ्हाइकांना कल्ले उघडून दाखवायची.

त्यांनी गळ्यातले हात सोडवले आणि दाराकडे वळून ओरडल्या, "हिला आत कुणी सोडलं रे?"

"रडत आली होती," मासा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला.