मृतदेहाची निगा

हनुवटीखालून पट्टी बांधून झाली. भामाने ओल्या फडक्याने पाय पुसायला घेतले तशी जनी खुदकन हसली.

"मेलेल्याला गुदगुल्या होत नाहीत," सिस्टर रेबेका म्हणाल्या.

त्रेपन्न सालचा उन्हाळा. पनवेलच्या त्या लहानशा दवाखान्यात नर्सिंग शिकवायला पुतळा नव्हता. मुलीच पाळीपाळीने रोगी व्हायच्या. आज मृतदेहाच्या निगेचा पाठ होता. अपशकुन नको म्हणून कुणी मेलेली व्हायला तयार होईना. शेवटी जनी आडवी झाली. नवऱ्याने तिच्या तीन बरगड्या मोडल्या, तेव्हा बापाने, तुळशीरामने, तिला मिठाच्या गाडीत लपवून इथे आणून सोडलं होतं. तिला कसला आलाय अपशकुन, असं तीच म्हणाली.

भामाने तिच्या डोळ्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले, आणि दार ढकलून तो नवराच आत आला. भामा त्याच्याच गावची. "बुधाजी," ती पुटपुटली.

त्याच्या हातात कोयता होता. नुकताच धुतलेला.

"माजी बायको कुठं हाय?"

"जनी ना?" रेबेकांनी खाटेकडे बोट केलं. "रात्री पटकीने गेली. हात लावू नका, लागण होईल."

मुली जनीला पुसत राहिल्या. बुधाजीने विडी पेटवली, दोन झुरके घेतले, खाटेकडे बघत राहिला. मग पुढे आला. रेबेका आड आल्या तर कोयत्याच्या मुठीने त्यांचं तोंड फोडलं. विडीचं जळतं टोक त्याने जनीच्या तळव्यावर दाबलं आणि कातडी करपल्याचा वास सुटेपर्यंत तसंच धरलं.

पाय हलला नाही.

रेबेकांनी तोंडातलं रक्त गिळलं. पोर सुटली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

बुधाजीचे खांदे पडले. तो दारापर्यंत गेला आणि चौकट धरून थांबला. आवाजातला राग पार उतरला होता.

"मंग म्हातारा खोटा नाय बोलला, बाई. सकाळी तिच्या बापाला इचारला. शेवटच्या दमापरत एकच बोलत व्हता, माजी जनी पनवेलच्या दवाखान्यात मेली. मना वाटला, लपवतंय. फुकट कापला त्याला."