अप्पा वाचून दाखवतात

कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा होता. चेतना आंधळी. एरवी कॉम्प्युटर तिला सगळं बोलून सांगतो, पण हे सेटिंगचं पान मुकं असतं. "तुले कसं दिसी? मी वाचस," म्हणत तिचे काका दोधूअप्पा कोरीटहून फटफटी हाणत नंदुरबारला आले.

"दोन नंबरले काय शे, अप्पा?"

"पेन ड्राइव्ह. एकदम साफ दिसस."

चेतनानं सवयीनं मोजून खालचा बाण दाबला, एंटर मारलं. कॉम्प्युटर बोलायला लागला. अप्पांनी मिशीवर हात फिरवला.

"अप्पा, स्क्रीन पहिलेपासूनच बंद शे. स्क्रीननी पिन काढीसन मी पंखा लायेल शे," चेतना म्हणाली. "आते फटफटीनी चावी द्या."